जुने कॉम्प्युटर भंगारात जाण्यापासून कोणी वाचवले

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये ख्रिस्टीजच्या लिलावात ॲपल कंपनीचा पहिला कॉम्प्युटर, ॲपल-१, विकला गेला, ९ लाख ४५ हजार डॉलरला. एके काळी तो स्टीव्ह जॉब्सच्या ऑफिसात होता म्हणून एवढी किंमत. बातम्या सगळ्या त्या आकड्याच्या आल्या, पण जुन्या मशीन्सच्या नादी लागलेली मंडळी वेगळ्याच कारणाने चिडली होती, कारण हा माल कुणाच्या घरातला नव्हता, तो सिॲटलच्या लिव्हिंग कॉम्प्युटर्स म्युझियममधला होता. मायक्रोसॉफ्टच्या पॉल ॲलनने उभं केलेलं हे म्युझियम २०१२ मध्ये लोकांसाठी उघडलं आणि तिथली खासियत म्हणजे मशीन काचेआड नाही, चालू. खुर्चीत बसा, टर्मिनलवर टाइप करा, घरी असाल तर इंटरनेटवरून लॉगिन मागा आणि सत्तरच्या दशकातल्या खऱ्याखुऱ्या मशीनवर काम करा. २०१८ मध्ये ॲलन गेले, २०२० मध्ये कोविडमुळे दारं बंद झाली ती पुन्हा उघडलीच नाहीत, आणि शेवटी वस्तू लिलावात.

तर म्युझियम असं विकता येतं का? येतं, कारण माल ॲलनच्या मागे राहिलेल्या इस्टेटीच्या मालकीचा होता. आणि हे काही आक्रीत नाही, कॉम्प्युटर जपण्याचा सगळा इतिहासच असा कुणाच्या तरी खिशावर, हट्टावर आणि गोदामावर चाललेला आहे, म्हणून जरा मागे जाऊन बघू.

सुरुवात धरायची तर व्हर्लविंडपासून धरतात. अमेरिकेतल्या एमआयटीमधलं हे मशीन १९५१ च्या सुमारास चालू झालं, १९५३ मध्ये त्याला मॅग्नेटिक कोअर मेमरी बसली. म्हणजे तारांच्या जाळीत ओवलेल्या बारीक चुंबकीय रिंगा, एक रिंग म्हणजे एक बिट, आणि पुढची वीसेक वर्षं जगभरचे कॉम्प्युटर याच पद्धतीवर चालले. मूळ प्रोजेक्ट संपल्यावर त्यातल्याच बिल वुल्फ नावाच्या माणसाने ते वर्षाला एक डॉलर भाड्याने घेऊन सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालवलं. मग ते भंगारात निघालं. तेव्हा डिजिटल इक्विपमेंट, म्हणजे डेक या कॉम्प्युटर कंपनीचे संस्थापक केन ऑल्सन आणि त्यांचे जुने सहकारी बॉब एव्हरेट यांनी ते उचलून आणलं. दोघांनीही तरुणपणी त्याच मशीनवर काम केलं होतं, त्यामुळे हे इतिहासप्रेमापेक्षा आपल्या हातचं काम रद्दीत जाताना बघवलं नाही, असं जास्त असावं, हा माझा अंदाज.

पण मग ठेवायचं कुठे? डेकमधले गॉर्डन बेल आणि त्यांची बायको ग्वेन बेल यांनी ते मनावर घेतलं आणि १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या मार्लबरोला कंपनीच्याच बिल्डिंगच्या लॉबीत डिजिटल कॉम्प्युटर म्युझियम सुरू झालं. लॉबीत हो! १९८२ मध्ये ते कंपनीपासून वेगळं होऊन सार्वजनिक झालं, १९८४ मध्ये बॉस्टनच्या म्युझियम व्हार्फवर गेलं. तिथे १९९० मध्ये त्यांनी एक अवाढव्य कॉम्प्युटर बांधला, दोन मजली, ज्याच्या आतून लोक चालत जायचे. मुलांची झुंबड उडाली. पण शाळेच्या सहली सांभाळायच्या की खऱ्या जुन्या मशीन्स, ही ओढाताण तिथूनच सुरू झाली. १९९६ पासून संग्रहाचा मोठा भाग कॅलिफोर्नियात मॉफेट फील्डच्या एका गोदामात हलवायला लागले, १९९९ मध्ये बॉस्टनचं दुकान बंद झालं, आणि २००२ मध्ये माउंटन व्ह्यूला सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीची रिकामी झालेली बिल्डिंग घेतली गेली. एका बुडत्या कॉम्प्युटर कंपनीच्या जागेत कॉम्प्युटरच्या इतिहासाचं म्युझियम, नशिबाची गंमतच म्हणायची. आज ज्याला कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम म्हणतात ते हेच.

तिथलं मला सगळ्यात भारी वाटतं ते आयबीएम १४०१ चं प्रकरण. १९५९ मध्ये जाहीर झालेलं हे मशीन हजारोंनी खपलं, बँका, विमा, पगारपत्रकं सगळं यावर. म्युझियमने दोन मशीन्स मिळवली, एक जर्मनीतल्या हाममधून आणि दुसरं कनेक्टिकटमधून. पहिलं आलं तेव्हा गंजलेलं, कनेक्शनं गेलेली. मग आयबीएममधून रिटायर झालेले इंजिनिअर, ज्यांनी उमेदीच्या वयात हीच मशीन्स गिऱ्हाइकांकडे जाऊन दुरुस्त केली होती, ते वर्षानुवर्षं फुकट येऊन एकेक सर्किट कार्ड तपासत बसले. तेही जर्मेनियम ट्रान्झिस्टरचं, जे बाजारात मिळणं कधीच बंद झालंय. आता डेमोला गेलात तर तुम्हाला पंच मशीनवर स्वतःचं नाव टाइप करायला देतात, जाड कागदाच्या कार्डांवर खटाखट भोकं पडतात, तो कार्डांचा गठ्ठा रीडरमध्ये टाकला की मिनिटाला ८०० कार्डांच्या वेगाने आत ओढला जातो आणि शेजारचा १४०३ प्रिंटर मिनिटाला ६०० ओळींनी धडधडत तुमचं नाव मोठ्ठ्या अक्षरांत छापून देतो. फोटोत तो आवाज येत नाही, मशीन चालू ठेवायचं ते यासाठी. पण हे शिकवणारी माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत, आणि सुट्या भागांपेक्षा तीच लवकर संपणार.

इंग्लंडची गोष्ट याहून विचित्र, कारण तिथे मशीन मुद्दाम नष्ट केलं गेलं. कोलोसस, दुसऱ्या महायुद्धात जर्मन हायकमांडचे गुप्त संदेश फोडायला टॉमी फ्लॉवर्सने बांधलेला, १९४४ मध्ये ब्लेचली पार्कमध्ये चालू झालेला. युद्ध संपेपर्यंत अशी दहा मशीन्स होती. नंतर बहुतेक सगळी मोडली आणि फ्लॉवर्सला कागदपत्रं जाळून टाकायला सांगितली, ती त्याने बॉयलरमध्ये घातलीसुद्धा. सत्तरच्या दशकापर्यंत याबद्दल ब्र काढायची सोय नव्हती, त्यामुळे पहिला इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर म्हटलं की जगभर अमेरिकेच्या एनिॲकचंच नाव. १९९३ मध्ये टोनी सेलने कोलोसस पुन्हा बांधायला घेतला तेव्हा हातात होते आठेक जुने फोटो आणि काही इंजिनिअरांनी नियम मोडून घरी लपवून ठेवलेले सर्किटचे तुकडे. नियम पाळला असता तर आज काहीच नसतं, हे लक्षात घ्या. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निघालेले भाग वापरत हे काम चालू राहिलं, १९९६ मध्ये पहिल्यांदा मशीन सुरू झालं, आणि २००७ मध्ये त्याच आवारात नॅशनल म्युझियम ऑफ कॉम्प्युटिंग उघडलं. कागदी टेप सेकंदाला पाच हजार अक्षरांच्या वेगाने चाकांवरून पळते, बघताना वाटतं आता तुटेल.

तिथेच विच नावाचं एक मशीन आहे, १९५१ चं, हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रातलं. दोन संख्यांचा गुणाकार करायला पाच ते दहा सेकंद घ्यायचं, पण थकायचं नाही. नंतर एका कॉलेजात गेलं, मग बर्मिंगहॅमच्या म्युझियममध्ये, मग ते म्युझियमच बंद झालं आणि हे सुटं होऊन गोदामात. केव्हिन मरेल नावाच्या, नॅशनल म्युझियमच्याच एका ट्रस्टीने कुठल्याशा फोटोत त्याचं कंट्रोल पॅनल ओळखलं म्हणून ते सापडलं आणि २०१२ मध्ये परत चालू झालं. आज चालू असलेलं जगातलं सगळ्यात जुनं मूळ डिजिटल कॉम्प्युटर हेच मानतात. एकोणिसाव्या शतकातल्या चार्ल्स बॅबेजचं डिफरन्स इंजिन, म्हणजे दातेरी चाकांचं गणित करणारं यंत्र, मात्र उलट प्रकार, जे त्याच्या हयातीत कधी झालंच नाही ते लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ मध्ये त्याच्या द्विजन्मशताब्दीला बांधून दाखवलं.

आता सॉफ्टवेअर. लोखंड वाचवलं तरी आतला प्रोग्राम नसेल तर ते नुसतं कपाट. आणि प्रोग्राम ज्या टेपवर आणि फ्लॉपीवर असतो त्यांचं आयुष्य माणसापेक्षा कमी. जुन्या मॅग्नेटिक टेपचा थर ओल धरून चिकट होतो, तशीच ड्राइव्हवर लावली की थर खरवडून निघतो आणि डेटा कायमचा गेला. म्हणून टेप आधी मंद आचेवर काही तास भाजून घेतात, मग एकदाच वाचायची, जे निघेल ते निघेल. हे काम करणाऱ्यांत अल कॉसो हे मोठं नाव. त्यांच्या बिटसेव्हर्स संग्रहात जुन्या कंपन्यांच्या मॅन्युअलची लाखो पानं स्कॅन करून ठेवलीयत, कोणीही फुकट घ्या. बॉब सुपनिकने १९९३ पासून सिमएच हा सिम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, वाढवला, त्यामुळे डेकचं पीडीपी-११ हे जुनं मशीन आता तुमच्या लॅपटॉपवर चालतं. अपोलो यानातल्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम तर छापील कागदांवरून वाचवला, स्वयंसेवकांनी स्कॅन बघून ओळ न् ओळ टाइप करून काढली, त्यात इंजिन पेटवायच्या रूटीनचं, म्हणजे प्रोग्रामच्या त्या तुकड्याचं, नाव ‘बर्न बेबी बर्न’ आहे.

ब्राउझरमध्ये जुना प्रोग्राम चालवायची सोय इंटरनेट आर्काइव्हने २०१३ मध्ये केली आणि २०१५ च्या जानेवारीत डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरचे दोनेक हजार गेम्स एकदम टाकले, तेव्हा ऑफिसात किती जणांचा दिवस प्रिन्स ऑफ पर्शियात गेला देव जाणे. कायद्याने हे सगळं अजून अधांतरीच. कंपनी बुडते, हक्क कोणाकडे गेले ते कळत नाही, आणि कॉपी केली तर तुम्ही चोर. माउंटन व्ह्यूच्या म्युझियमने सरळ रस्ता धरला, कंपन्यांकडून रीतसर परवानगी घेतली: २०१० मध्ये ॲपलचं मॅकपेंट, २०१३ मध्ये फोटोशॉपची पहिली आवृत्ती, २०१४ मध्ये एमएस-डॉस. सावकाश, पण पक्कं काम. आणि ऑनलाइन म्हणजे सुरक्षित असंही नाही, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये इंटरनेट आर्काइव्हवर सायबर हल्ला होऊन ते काही दिवस बंदच होतं.

आपल्याकडे काय? मुंबईच्या टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला टिफ्रॅक हा कॉम्प्युटर १९६० मध्ये पूर्ण झाला, १९६२ मध्ये नेहरूंनी त्याचं बारसं केलं. २७०० व्हॅक्यूम ट्यूब, २०४८ शब्दांची कोअर मेमरी, चित्र दाखवायला पडदा, आणि हे करणाऱ्यांपैकी जवळपास कुणीही आधी कॉम्प्युटर बांधलेला नव्हता. १९६४ मध्ये अमेरिकेहून सीडीसी ३६०० हा तयार कॉम्प्युटर आला आणि वर्षभरात टिफ्रॅक बंद. आज आपल्यापुढे आहेत ते मुख्यतः फोटो, अहवाल आणि बांधणाऱ्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणी. इथे ऑल्सनसारखा कुणी ट्रक घेऊन आला नाही असं म्हणून मोकळं होता येईल, पण ते अर्धंच खरं. सरकारी ऑफिसात वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला असते, निर्लेखन, म्हणजे नोंदीतून काढून टाकणं, झालं की लिलाव, आणि लिलावात ती किलोवर जाते, मग ती कोअर मेमरी असो की पंखा. ‘जपून ठेवा’ असा रकानाच त्या रजिस्टरात नाही.

आणि व्यापारी मशीन्स तर आपली नव्हतीच. एस्सो या तेल कंपनीने १९६१ मध्ये मुंबईत १४०१ बसवला, पुढे आयबीएम परदेशात वापरून जुने झालेले १४०१ इथे नव्याने तयार करून कंपन्यांना भाड्याने द्यायची. भाड्याच्या मशीनवर कोण जीव लावणार? शिवाय कॉम्प्युटर म्हणजे नोकऱ्या खाणारा राक्षस, एलआयसीच्या कर्मचाऱ्यांनी त्याविरुद्ध कोलकात्यात मोठा लढा दिला होता, तेव्हा तो गेला तर बरंच अशी भावना. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला आणि मागे राहिलेल्या मशीन्सची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली, त्यांच्या इंजिनिअरांनी ती चालती ठेवली. पर्याय नव्हता म्हणून ठेवली, आणि नवीन मशीन्स मिळायला लागल्यावर तीही निर्लेखनाच्या यादीत गेली.