ढग तेच, रंग नवे

ऑस्ट्रेलियात पावसाचा अंदाज घ्यायला लोक आभाळाकडे बघण्याआधी रडारकडे बघतात. तिथल्या हवामान खात्याच्या, म्हणजे ब्यूरो ऑफ मीटिऑरॉलॉजीच्या वेबसाइटवर रडारचं चित्र दर काही मिनिटांनी ताजं होतं. कपडे वाळत घालायचे की नाही इथपासून गहू आज कापायचा की उद्या इथपर्यंत बरंच काही त्यावर ठरतं. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी खात्याने ही साइट नव्या रूपात आणली. जुनी साइट खरोखरच जुनाट झाली होती. एचटीटीपीएसची सुरक्षित जोडणीसुद्धा तिला नव्हती. आणि नवी साइट लोकांवर अचानक आदळली असंही नाही. वर्षभराहून अधिक काळ ती चाचणी आवृत्ती म्हणून सगळ्यांना खुली होती.

तरी गदारोळ झालाच. काही दिवसांतच क्वीन्सलंड आणि व्हिक्टोरियात जोराची वादळं आली, आणि लोकांना रडारचे नवे रंग वाचता येईनात. वादळ आहे त्यापेक्षा सौम्य दिसतंय, अशी तक्रार होती. शेतकऱ्यांचं दुखणं वेगळं होतं: आपल्या शेताचे अक्षांश-रेखांश टाकून तिथला अंदाज बघायची सोय गेली, असं ते म्हणत होते. मंत्र्यांनी उघडपणे नाराजी दाखवली आणि खात्याने रडारचे जुने रंग परत आणले. नोव्हेंबरात खर्चाचा आकडा बाहेर आला, ते आगीत तेल ठरलं. आधी सांगितलेले ४१ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर फक्त रूपरचनेचे होते. साइटची आतली बांधणी, सुरक्षा, चाचण्या धरून एकूण खर्च होता ९ कोटी ६५ लाख.

अशा वेळी एक ठरावीक उत्तर मिळतं: लोकांना बदल नको असतो, ओरडतील आणि गप्प बसतील. मला हे उत्तर आळशी वाटतं. रडारचा रंग म्हणजे भिंतीचा रंग नव्हे.

रडार पाऊस मोजतच नाही. ते हवेत लहरी सोडतं आणि थेंबांवर आपटून किती ताकद परत आली ते बघतं. ही ताकद ‘डीबीझेड’मध्ये सांगतात, आणि ती मोजपट्टी भूकंपाच्या रिश्टर मापनासारखी पायऱ्यांची आहे: आकडा १० ने वाढला की परत आलेली ताकद दहापट. मार्शल आणि पामर या दोन संशोधकांच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र वापरून त्यातून पाऊस काढता येतो. ४० डीबीझेड म्हणजे तासाला साधारण साडेअकरा मिलिमीटर, आणि ५० डीबीझेड म्हणजे साधारण ४९. म्हणजे रंगपट्टीवर १० डीबीझेडची एक पायरी चुकीची वाचली, तर पावसाचा अंदाज चौपटीने चुकतो. छत्री घ्यावी की गाडी छपराखाली लावावी, एवढा तो फरक आहे.

वर्षानुवर्षं हे चित्र बघणारा माणूस बाजूची सूची वाचतच नाही. लाल दिसलं की त्याला आवाज ऐकू येतो. सूची त्याच्या डोळ्यांत मुरलेली असते. गंमत म्हणजे दृश्य-आकलनाचे अभ्यासक अशा इंद्रधनुषी रंगपट्ट्यांवर कधीपासून टीका करत आले आहेत. पिवळा मधल्या किमतीला येतो, पण डोळ्यात सगळ्यात आधी तोच भरतो. शिवाय उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरातल्या सुमारे आठ जणांना लाल-हिरव्यातला फरक नीट उमगत नाही. कोऱ्या पाटीवर सुरुवात करणारा कुणीही शहाणा रचनाकार जुने रंग निवडणार नाही. पण वाचणाऱ्याची पाटी कोरी नसते, अडचण इथे आहे.

साइट बांधणाऱ्यांना हे आधी का दिसत नाही? १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी पीएचडीसाठी केलेला एक प्रयोग इथे आठवतो. एकाने मनातल्या मनात ओळखीचं गाणं म्हणत टेबलावर बोटांनी त्याचा ठेका धरायचा, दुसऱ्याने ऐकून गाणं ओळखायचं. ठेका धरणाऱ्यांना वाटलं होतं की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३. घरी करून बघा, एखाद्या आरतीवर. तुमच्या डोक्यात टाळ-झांजांसकट सगळी चाल वाजत असते, समोरच्याला ऐकू येते ती नुसती टकटक. वेबसाइट बांधणाऱ्याच्या डोक्यातही अशीच पूर्ण चाल असते. कुठल्या कप्प्यात काय ठेवलंय हे त्याला माहीत असतं, कारण ठेवणारा तोच.

म्हणून वापर-चाचणी करतात. प्रकार दिसायला अगदी साधा आहे. एक माणूस, एक फोन किंवा संगणक, शेजारी एक निरीक्षक. माणसाला काम द्यायचं, पण साइटवरचे शब्द न वापरता. ‘रडारचं पान उघडा’ म्हटलं की उत्तर फोडलं. ‘उद्या सकाळी गहू कापायचा आहे, पाऊस कधी येईल ते सांगा’ असं म्हणायचं. मग त्याने जे मनात येईल ते बोलत बोलत साइट वापरायची. एरिक्सन आणि सायमन या मानसशास्त्रज्ञांनी या पद्धतीचा पाया घातला. त्यांचं सांगणं असं की माणूस डोक्यात चाललेलंच बोलून दाखवत असेल तर विचारांची वाट फारशी बदलत नाही. मात्र मध्येच ‘असं का केलंत?’ विचारलं की तो कारणं रचू लागतो. त्यामुळे निरीक्षकाचं मुख्य काम गप्प बसणं. समोरचा बरोबर बटणाच्या शेजारी बोट फिरवून परत जातो तेव्हा हे किती जड जातं, ते केल्याशिवाय कळत नाही.

किती जणांवर चाचणी करायची? या धंद्यात ‘पाच माणसं पुरेत’ हे वाक्य जवळपास सुभाषितासारखं फिरतं. त्यामागे नील्सन आणि लँडावर या संशोधकांचं १९९३ चं गणित आहे. एका माणसाला एखादी अडचण भेटण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के धरली, तर पाच माणसांत ती एकदाही न भेटण्याची शक्यता ०.६९ चा पाचवा घात, म्हणजे जेमतेम १६ टक्के. म्हणून पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. हिशेब चोख आहे, पण सगळा भार त्या ३१ वर आहे. शक्यता १० टक्क्यांवर आली की पाच जणांत ४१ टक्केच अडचणी हाती लागतात. लॉरा फॉकनर यांनी २००३ मध्ये ६० जणांच्या चाचणीतून पाच-पाचांचे गट यदृच्छेने काढून पाहिले. सरासरी ८५ च्या आसपासच आली, पण एखाद्या गटाला जवळजवळ सगळं सापडलं, तर एखाद्याला फक्त ५५ टक्के.

आता तो अक्षांश-रेखांशवाला शेतकरी घ्या. समजा वीस वापरणाऱ्यांत असा एकच असतो. पाच माणसं चिठ्ठ्या टाकून निवडली, तर पाचांत तो नसण्याची शक्यता ७७ टक्के. सगळ्या फेऱ्या निर्वेध पार पडतील, अहवालात सगळं हिरवं दिसेल, आणि त्याची सोय गेलेली कुणाच्या लक्षातही येणार नाही. सरासरीचा माणूस शोधत बसलात की हे होतं. त्यापेक्षा आधी यादी करावी: कुणाचं या साइटवाचून अडतं? मच्छीमार, वैमानिक, आग विझवणारे स्वयंसेवक, शेतकरी. मग प्रत्येक गटातून वेगळी माणसं बोलवावीत, आणि एकदा तरी त्यांच्या जागी जाऊन बघावं. ट्रॅक्टरवर, उन्हात, एका हातात फोन धरून साइट कशी वाचली जाते, हे वातानुकूलित खोलीत कळायचं नाही.

चाचणी आवृत्ती सगळ्यांना खुली ठेवूनही हे भोक बुजत नाही. तिथे आपणहून कोण जातं? हौशी, उत्सुक, हाताशी वेळ असलेला माणूस, आणि तोही निवांत दिवशी. ज्याला काळाकुट्ट ढग बघून दीड मिनिटात निर्णय घ्यायचा आहे, तो सवयीच्या जुन्या पानावरच जातो. नवं पान त्याला पहिल्यांदा भेटतं ते जुनं बंद झाल्यावर, बहुधा वादळातच.

सवयीचंही एक शास्त्र आहे. कुठलंही काम पुन्हा पुन्हा केलं की लागणारा वेळ आधी झपाट्याने, मग हळूहळू कमी होतो. हा उतार टाइप करण्यापासून सिगार वळण्यापर्यंत सगळीकडे मोजला गेलाय. साइट बदलली की जुना माणूस उताराच्या तळावरून पुन्हा वर फेकला जातो. त्याची चिडचिड त्या पडझडीची असू शकते किंवा नवी रचना खरंच वाईट असण्याची. पहिल्या दिवशीच्या तक्रारींवरून यातलं काय हे ओळखता येत नाही. त्यासाठी त्याच माणसांना त्याच कामांसह आठवड्याने, महिन्याने पुन्हा बसवावं लागतं, आणि जुन्या साइटवर त्यांना किती वेळ लागत होता हे बदलाआधीच नोंदवून ठेवावं लागतं. हे दुसरं काम बहुतेक ठिकाणी राहूनच जातं. जुनं मोडीत निघणार आहे, मग ते कशाला मोजायचं, असा विचार असतो. मग तुलना करायला हाती काहीच उरत नाही.

रंगांचा हा घोळ आपल्याकडेही आहे, जरा वेगळ्या जागी. भारतीय हवामान विभाग इशाऱ्यांना चार रंग देतो: हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग सांगतो ते तुम्ही काय करायचं, आणि तो ठरवताना परिणामाचाही विचार असतो. जुलैत मुंबई-ठाण्यात मात्र तो थेट पावसाच्या मापासारखा वाचला जातो. ‘रेड अलर्ट होता म्हणे, कुठे पडला?’ हे वाक्य लोकलमध्ये हमखास ऐकू येतं. बोलणाऱ्याला अडाणी ठरवणं सोपं आहे. पाच-सहा जणांसमोर तो रंगीत नकाशा ठेवून बघायला तरी कुठे फार खर्च येतो? त्यात एक डोंबिवलीहून साडेसातची गाडी पकडणारी, एक भाजीवाला, एक पालघरचा कोळी. काम असं द्यायचं: ‘उद्या पहाटे तुम्हाला घराबाहेर पडायचं आहे. हे बघा, आणि आज रात्री काय काय कराल ते बोलत बोलत सांगा.’ आणि मग गप्प बसायचं.