मोली नाचत नव्हती

माझ्या माशांच्या पहिल्या टाकीत सहा निऑन टेट्रा होते आणि एक काळी मोली. दहाएक दिवसांत मोली जागच्या जागी डुलायला लागली. अंग डावी-उजवीकडे हलतंय, पण मासा बोटभरही पुढे सरकत नाही. येणारे-जाणारे कौतुकाने म्हणायचे, "नाचतेय बघ!" हीटर २६ अंशांवर होता, माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारा विषारी अमोनिया शून्य दाखवत होता, टेट्रा मजेत हिंडत होते. घोळ माझ्या निवडीत होता.

"हे मासे एकत्र राहतील ना?" असं विचारताना आपल्या मनात भांडणं असतात. पाण्याचा विचार त्याच्या आधी करायला हवा.

गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट असतं. शाळेतलं परासरण आठवा. साध्या पाण्यात टाकलेला बेदाणा फुगतो, तसंच माशाच्या कल्ल्यांतून पाणी सतत आत शिरत असतं आणि क्षार बाहेर झिरपत असतात. म्हणून असा मासा पाणी जवळजवळ पीतच नाही; उलट त्याची मूत्रपिंडं दिवसरात्र पातळ लघवी करून आलेलं पाणी बाहेर काढतात. गेलेले क्षार भरून काढायला कल्ल्यांत खास पेशी असतात. पाण्यात सोडियम आणि क्लोराइड अगदी विरळ असले, तरी त्या ते आत ओढून घेतात. पाणी चढावर न्यायला पंप लागतो आणि पंपाला वीज. ही वीज माशाच्या खाण्यातून येते.

खरी गंमत कॅल्शियमची आहे. कल्ल्यांतल्या शेजारशेजारच्या पेशींमधले सांधे पाण्यातल्या कॅल्शियममुळे घट्ट राहतात. दुष्फेन म्हणजे जड, साबणाला फेस न येणाऱ्या पाण्यात ते बहुधा भरपूर असतं, त्यामुळे गळती कमी. सुफेन म्हणजे हलक्या पाण्यात सांधे सैल होतात, सोडियम वाहून जातं आणि पंपांची दमछाक होते. पाणी आम्लधर्मी असेल तर हायड्रोजनचे आयन उरलंसुरलं कॅल्शियमही सांध्यांवरून हुसकावतात आणि वर सोडियम आत घेण्याच्या वाटेतही आडवे येतात. मोली तर समुद्राच्या पाण्यातही तगणारी. माझ्या नळाचं पाणी सुफेन. निऑन मात्र अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या ओढ्यांमधला. तिथे पाणी अनेकदा कुजल्या पानांनी कोऱ्या चहासारखं झालेलं असतं, कॅल्शियम नावापुरतं, आणि तरीही त्याचे कल्ले क्षार धरून ठेवतात. एकाच टाकीत एकाचं माहेर आणि दुसरीचा वनवास!

पाणी उकळायच्या भांड्याच्या तळाशी पांढरा थर धरत असेल तर मोली, प्लॅटी, गप्पी घ्या. भांडं स्वच्छ राहत असेल तर टेट्रा, रासबोरा, कॉरिडोरस. फार्मवर पैदास झालेले निऑन मध्यम दुष्फेन पाणी चालवून घेतात, हे खरं. पण "कुठल्याही पाण्यात चालतो" असं कुणी म्हणालं, की मी तरी तिथून काढता पाय घेतो.

मग स्वभाव. एंजलच्या तोंडात मावेल तो मासा एंजलचं जेवण, त्यामुळे निऑनशी त्याची जोडी नको. टायगर बार्ब लांब पंखांचे लचके तोडतो. टेट्रा आणि कॉरिडोरस सहाच्या खाली घेऊ नयेत, एकटे पडले की बुजतात. आणि हे सगळं टाकी ४ ते ६ आठवडे चालवून, अमोनिया पचवणारे जीवाणू वसल्यावर. नव्या टाकीत मासा मेला की "घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं" म्हणणारे भेटतात. त्याने अंगावर घेतलेला असतो तो बहुतेक वेळा अमोनिया.

मोलीला मी दुसऱ्या टाकीत हलवलं आणि फिल्टरमध्ये चुनखडीची भरड घातली. पाणी हळूहळू जड होत गेलं. आठवड्याभराने सकाळी दिवा लावला, तर बाई काचेवरचं शेवाळ खरवडत टाकीभर फिरत होत्या.