मिरजेहून लातूरला : पेट्रोलमधल्या इथेनॉलची पार्श्वभूमी

दिवाळीनंतर लातूरला औसा रोडवरच्या एका गॅरेजात माझी जुनी मोटारसायकल उघडून पडली होती. २००९ सालचं मॉडेल, कार्ब्युरेटरवालं, पावसाळाभर अंगणात उभं. मिस्त्रीनं कार्ब्युरेटरची वाटी सोडवून आतून बोट फिरवलं, तर पांढरट भुकटी निघाली. मग नीडलचं टोक नखानं दाबून दाखवलं. "रबर फुगलंय बघा सर. इथेनॉल की ओ." बाकड्यावर बसलेल्या दोघांनी लगेच माना डोलावल्या. हल्ली गाडीचं काहीही बिघडलं तरी आरोपी ठरलेलाच असतो. उद्या पंक्चरही त्याच्याच नावावर जाईल.

मिस्त्रीचं निदान अर्धं खरं होतं. ते अर्धं का, हे कळायला बरंच मागं जावं लागतं.

पेट्रोलमध्ये इथेनॉल, म्हणजेच अल्कोहोल, मिसळण्याची कल्पना आजची नाही. 'इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट' १९४८ सालचा. म्हणजे मराठवाडा निजामाच्या ताब्यातून सुटला, त्याच वर्षीचा. पुढं मळीपासून निघणाऱ्या अल्कोहोलला दारू आणि रसायनांचे कारखाने ही चांगली गिऱ्हाइकं मिळाली, गाड्यांच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. २००० साली तो कायदा रद्द झाला. आणि गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी सरकारनं पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायचे प्रयोग सुरू केले : आपल्याकडं मिरज आणि मनमाडला, उत्तर प्रदेशात बरेलीला. तेव्हा पेट्रोलियम मंत्री राम नाईक होते. जानेवारी २००३ पासून ९ राज्यं आणि ४ केंद्रशासित प्रदेशांत हे मिश्रण सुरू झालं.

५ टक्के हा आकडा मात्र बराच काळ कागदावरच होता. भाव ठरेना, पुरवठा होईना. २०१३-१४ मध्ये देशभरातलं प्रत्यक्ष मिश्रण होतं १.५३ टक्के. एवढ्यानं कुठलं रबर फुगणार? त्या दहा-बारा वर्षांत इथेनॉलचं नाव एकाही मिस्त्रीच्या तोंडी आलं नाही, आणि 'इतकी वर्षं चालू आहे, कुठं काय झालं' हा युक्तिवादही तिथंच लंगडा पडतो.

चाक फिरलं ते २०१४ नंतर, सरकारनं इथेनॉलचा भाव ठरवून द्यायला सुरुवात केल्यावर. खरी उडी २०१८ ची. तोवर साखर काढून काढून शेवटी उरलेल्या मळीपासूनच इथेनॉल व्हायचं. त्या वर्षीच्या जैवइंधन धोरणानं 'बी-हेवी' मळी आणि थेट उसाचा रसही मोकळा केला. बी-हेवी म्हणजे साखर काढणं एक पायरी आधीच थांबवायचं आणि गोडवा डिस्टिलरीकडं वळवायचा. कारखान्याला हे सोयीचं होतं. उसाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव, १४ दिवसांत द्यायची असते, साखर मात्र गोदामात महिनोन्महिने पडून राहते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून काही आठवड्यांत येतात. उसाचं बिल थकल्यावर कारखान्याच्या गेटवर खेटे घालणं काय असतं, हे ज्यानं अनुभवलंय त्याला इथेनॉलचं कौतुक का वाटतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

मग वेग आला. २० टक्क्यांचं उद्दिष्ट २०३० वरून २०२५-२६ वर ओढलं गेलं. जून २०२२ मध्ये १० टक्के झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये ८४ पंपांवर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आलं आणि २०२५ मध्ये तेच सगळीकडं. दीडवरून दहावर यायला आठ वर्षं, दहावरून वीसवर यायला तीन. गाडी मात्र आपल्याकडं पंधरा वर्षं सहज चालवतात, आणि नंतर ती मेहुण्याला देतात.

आता इंजिनाचं. इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त, त्यामुळं इंजिनात ठोका (नॉकिंग) कमी बसतो. हा त्याचा गुण. पण लिटरमागं ऊर्जा सुमारे एक तृतीयांशानं कमी, म्हणून ॲव्हरेज पडतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय : मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवून ई-१० ला जुळवलेल्या चारचाकीत ६ ते ७ टक्के घट, तशाच दुचाकीत ३ ते ४, आणि ई-१० साठी बनवून ई-२० ला जुळवलेल्या चारचाकीत १ ते २. इंजेक्टरवाल्या गाडीत सेन्सर सायलेन्सरकडं जाणारा धूर हुंगून पेट्रोल कमीजास्त करतो. कार्ब्युरेटरला नाक नाही. त्यात जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक भोक, जेवढं बसवलंय तेवढंच तो सोडतो, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, गाडी तापते आणि चोकशिवाय उठत नाही. लातूरच्या मे महिन्यात तर विचारायलाच नको.

दुसरी गोष्ट पाणी. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. रोज फिरणाऱ्या गाडीत ते थोडंसं पाणी जळून जातं. पावसाळाभर उभ्या गाडीत हद्द ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतं, आणि टाकीचा पत्रा, वाटीचं ॲल्युमिनियम, जुन्या प्रकारचं रबर यांना ते झोंबतं. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत ई-२० ला टिकणारं रबर आणि प्लॅस्टिक येतं. त्याआधीच्यांबद्दल पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये धोका नाही असं सांगितलं, पण त्याच निवेदनात काही जुन्या गाड्यांची रबरं नि गॅस्केटं २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावी लागू शकतात असंही म्हटलं. इंजिन फुटत नाही, खर्च मात्र गाडीवाल्याच्या खिशातून जातो. माझ्या मते खरी तक्रार एवढीच आहे. ब्राझीलनं हे १९७५ मध्ये सुरू केलं आणि २००३ पासून कुठल्याही प्रमाणात चालणाऱ्या फ्लेक्स गाड्या आणल्या; कमी की जास्त, हे तिथं पंपावर गिऱ्हाईक ठरवतं. आपल्याकडं इथेनॉलविना पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली.

मिरजेचं नाव आपल्याकडं दुसऱ्या कारणानं पाठ आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाण्याची रेल्वे आली ती मिरजेहूनच, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. त्याच नीती आराखड्यानुसार उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. त्या हिशेबानं अख्ख्या गाडीचं पाणी पावणेदोनशे लिटर इथेनॉलचं. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी म्हणून केंद्रानं रसापासूनच्या इथेनॉलवर बंदी घातली, ऑगस्ट २०२४ मध्ये उठवली. मधल्या काळात इथेनॉलसाठी मक्याला मागणी आली, त्याचा भाव वाढला, आणि सिल्लोड-कन्नडकडचा मकावालाही या गोष्टीत आला.

मिस्त्रीनं नवी नीडल बसवली, पेट्रोलची नळी बदलली, टाकी रिकामी करून धुतली. भुकटीचा दोष अर्धा इथेनॉलचा, अर्धा चार महिने गाडी न हलवणाऱ्याचा. हे मी त्याला सांगितलं नाही, त्यालाही ते माहीत होतंच. "उभी ठेवायची तर पेट्रोल काढून ठेवा," म्हणाला. ॲव्हरेजचं विचारलं तर हात पुसत म्हणाला, "त्ये काय वाढत नसतंय आता."