केस अचानक गळू लागले तर आधी तीन महिने मागे जा

डोक्यावरून हात फिरवला की बोटांना केस चिकटून येतात, बाथरूमची जाळी दोन दिवसांत तुंबते, उशीच्या अभ्र्यावर रोज सकाळी केस पडलेले असतात. असे सुरू झाले की बहुतेक पुरुष त्या आठवड्यात काय बदलले ते शोधू लागतात. नवा शाम्पू, सोसायटीत आलेले टँकरचे पाणी, नवे हेल्मेट, यांतल्या कशावर तरी खापर फुटते. पण आज गळणाऱ्या केसाचा निकाल बहुधा दोन-तीन महिन्यांपूर्वीच लागलेला असतो. म्हणून पहिले काम शाम्पू बदलण्याचे नाही, कॅलेंडर उघडण्याचे आहे.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस स्वतःच्या वेळापत्रकाने चालतो: 2 ते 6 वर्षे वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याचे मूळ आकसते, आणि त्यानंतर सुमारे तीन महिने तो न वाढता नुसता अडकून राहतो. खालून नवा केस उगवू लागला की जुना गळून पडतो. निरोगी डोक्यावर कोणत्याही दिवशी 85 ते 90 टक्के केस वाढत असतात आणि सुमारे 10 टक्के विश्रांतीत असतात. एक लाखाचे 10 टक्के म्हणजे 10 हजार. ते तीनेक महिन्यांत गळायचे, म्हणजे रोज शंभरच्या आसपास. रोज 50 ते 100 केस गेले तर काळजीचे कारण नाही, असे डॉक्टर सांगतात ते या हिशेबावरून.

आता समजा शरीरावर मोठा ताण आला. चार-पाच दिवस 103-104 ताप राहिला, शस्त्रक्रिया झाली, किंवा महिनाभर पोटाला चिमटा काढून वजन उतरवले. अशा वेळी शरीर आपला खर्च आवरते, आणि केसांवाचून कोणाचे अडत नसल्यामुळे पहिली कात्री केसांना लागते. वाढणाऱ्या केसांचा मोठा भाग एकदमच विश्रांतीत जातो. त्या दिवशी जादा एकही केस पडत नाही. अडकून राहण्याची मुदत संपली की हे सगळे केस एकत्र सुटतात आणि रोजचा आकडा शंभरावरून तीनशेवर जातो. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. अल्बर्ट क्लिगमन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने 1961 साली हे नाव दिले.

आपल्याकडे हे ऋतूनुसारही दिसते. डेंग्यू, टायफॉइड, चिकुनगुन्या यांचा जोर पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच असतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तापाने अंथरूण धरलेल्या माणसाचे केस ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून गळू लागतात. तोपर्यंत ताप विसरला गेलेला असतो. कोविडनंतरही हेच घडले. त्यामुळे मागचे चार महिने आठवा आणि कागदावर लिहून काढा: ताप, दवाखान्यात भरती, भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया, अपघात, घरातला मृत्यू, नोकरी जाणे, रात्रपाळी, उपासाचे डाएट, वजन उतरवणारी इंजेक्शने आणि नवी सुरू झालेली प्रत्येक गोळी. मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइन, फिट्सवरची व्हॅल्प्रोएट, रक्तदाबावरच्या प्रोप्रॅनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या आणि हेपारिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे यांनी केस गळू शकतात. म्हणून त्या मनानेच बंद करायच्या नाहीत. फिट आलेली परवडणार नाही. पर्यायी औषध देता येते का, हे डॉक्टरांना विचारा.

गळलेला केस कागदावर ठेवून मुळाच्या बाजूने नीट पाहा. त्याच्या टोकाला टाचणीच्या डोक्याहून लहान, पांढरट, कोरडी गाठ दिसेल. ती पाहून अनेकांचा धीर सुटतो, कारण केस मुळासकट उपटून आला असे वाटते. प्रत्यक्षात ती गाठ विश्रांती पूर्ण केलेल्या केसाची खूण आहे. केस घडवणारा भाग, म्हणजे केशकूप, टाळूच्या आत शाबूत असतो आणि बहुतेक वेळा त्यात नवा केस सुरूही झालेला असतो.

घरी करता येणारी एक चाचणी आहे. आदल्या दिवशी केस धुऊ नका. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांच्या चिमटीत साधारण 50-60 केस टाळूलगत धरा आणि हलका, एकसारखा ताण देत टोकापर्यंत बोटे सरकवत न्या. झटका द्यायचा नाही. समोर, मागे, दोन्ही बाजूंना असे चार ठिकाणी करा. एका वेळी एक-दोन केस आले तर ठीक. सहा किंवा जास्त आले तर गळती जोरात आहे. चारही ठिकाणी सारखेच येत असतील तर कारण सगळ्या शरीराचे असण्याची शक्यता जास्त. फक्त शेंडीजवळ आणि कपाळाकडे येत असतील तर गोष्ट वेगळी.

पुरुषांचे नेहमीचे टक्कल असे धबाधबा येत नाही. त्यात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाला संवेदनशील असलेले केशकूप वर्षानुवर्षे आकसत जातात. जाड केसाच्या जागी बारीक, त्याच्या जागी लव, असे होत कपाळाचे कोपरे मागे सरकतात आणि शेंडीची जागा विरळ होते. कानांवरचे आणि मानेवरचे केस टिकतात. अडचण अशी की या दोन गोष्टी एकाच डोक्यावर एकत्र येऊ शकतात. पंचविशीतल्या मुलाला टकलाची सुरुवात झालेली असते पण लक्षात आलेली नसते. डेंग्यू होतो, तीन महिन्यांनी केस झडतात आणि लपलेली विरळ जागा उघडी पडते. सहा महिन्यांनी बाजूचे केस पूर्वीसारखे भरतात, शेंडीचे भरत नाहीत. डेंग्यूने टक्कल पडले असे त्याला वाटते, आणि उपचाराचा चांगला काळ हातचा जातो. जिममध्ये टेस्टोस्टेरॉन किंवा इतर स्टेरॉइड्सची इंजेक्शने घेणाऱ्यांत हे टक्कल बरेच लवकर पुढे सरकते. ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नका.

काही प्रकारांत मात्र थांबून चालत नाही. नाण्याएवढी गोल, गुळगुळीत जागा अचानक दिसली तर ती चाई. तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच केशकूपांवर उलटलेली असते. डोक्यात, दाढीत, भुवईत कुठेही ती पडू शकते, आणि काही जणांच्या नखांवर बारीक खड्डे दिसतात. तिच्यावर लसूण चोळण्याची पद्धत आहे, त्याने कातडी भाजून फोड आलेले रुग्ण त्वचारोगतज्ज्ञांना नवे नाहीत. लहान चट्ट्यांवर ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची अगदी कमी मात्रेची इंजेक्शने 4 ते 6 आठवड्यांच्या अंतराने त्याच जागी देतात. टाळू दुखते, पू येतो, किंवा विरळ जागेवरची कातडी चकचकीत होऊन छिद्रेच दिसेनाशी होतात, तेव्हा केशकूप जळून व्रण होत असतो. तिथे केस परत येत नाहीत, म्हणून त्याच आठवड्यात दाखवा. आणि कापडाला कसर लागावी तसे डोक्यावर ठिकठिकाणी छोटे विरळ ठिपके पडले असतील तर सिफिलिसची रक्ततपासणी व्हायला हवी. हा आजार पेनिसिलिनने बरा होतो. संकोचापायी तपासणी टाळली तर पुढे मेंदू आणि हृदयापर्यंत जातो.

कॅलेंडर महिन्यांऐवजी दिवसांचे निघाले तर सावध व्हा. जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांच्या डोक्याला खाज सुटली आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडले. बायका, पुरुष, मुले, कोणी सुटले नाही. आधी पाण्यावर आणि बुरशीवर संशय गेला. पुढे विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हाची तपासणी करून घेतली, आणि त्यात सेलेनियम हे खनिज फार जास्त व रुग्णांच्या शरीरात जस्त कमी असल्याचे मांडले. घरातल्या किंवा गावातल्या अनेकांचे केस एकदम गेले, तर प्रत्येकाने वेगळे तेल आणून उपयोग नाही. धान्य, पाणी, औषधे यांचे नमुने जपून ठेवून आरोग्य केंद्राला कळवायला हवे. एकट्या माणसाचे केस दोन-तीन आठवड्यांत गेले आणि सोबत तळपायांची सहन न होणारी आग असेल तर थॅलियम या धातूच्या विषबाधेचा विचार करावा लागतो. तेव्हा थेट रुग्णालय गाठा.

या सेलेनियमच्या गोष्टीला आपल्या औषधाच्या कपाटाशीही नाते आहे. केस गळू लागले की माणूस एका वेळी दोन-तीन मल्टीव्हिटॅमिन सुरू करतो. सेलेनियम आणि अ जीवनसत्त्व दोन्ही जास्त झाले की त्यांनीच केस गळतात. प्रौढांना सेलेनियमची वरची मर्यादा दिवसाला 400 मायक्रोग्रॅम धरतात, म्हणून डब्यांवरचे आकडे एकत्र मिळवून पाहा. बायोटिनचे प्रकरण आणखी वेगळे. त्याची रोजची गरज 30 मायक्रोग्रॅमच्या आसपास आणि ती साध्या जेवणातून भागते. बाजारातली गोळी 10 मिलिग्रॅमची असते, म्हणजे गरजेच्या तीनशे पटींहून जास्त. ज्याला कमतरता नाही त्याच्या केसांना तिचा फायदा झाल्याचा चांगला पुरावा नाही. उलट ती रक्ततपासणीत घोळ घालते: थायरॉइड ठीक असूनही अहवालात वाढलेला दिसू शकतो, आणि हृदयविकाराच्या झटक्यातली ट्रोपोनिनची तपासणी खोटी कमी येऊ शकते. रक्त देण्याच्या किमान दोन-तीन दिवस आधी बायोटिन थांबवा आणि ते घेत होतो असे प्रयोगशाळेत सांगा.

तपासण्या मोजक्याच पुरतात: हिमोग्राम, फेरिटिन, थायरॉइडसाठी टीएसएच, आणि शाकाहारी असाल तर बी-12. ड जीवनसत्त्व डॉक्टर सहसा जोडीला घेतात. फेरिटिनवरून शरीरातला लोहाचा साठा कळतो, पण ताप आणि सूज असताना ते फुगून येते. तापातून उठल्या उठल्या तपासले तर कमी असलेला साठाही पुरेसा वाटू शकतो, म्हणून काही आठवडे जाऊ द्या. आणि पुरुषाचे लोह खरेच कमी निघाले तर नुसत्या गोळ्या घेऊन विषय संपवू नका. बायकांसारखा पाळीतून रक्तस्राव नसल्यामुळे ते कुठे जाते आहे ते शोधावे लागते. मूळव्याध, पोटातला अल्सर, शेतात अनवाणी चालणाऱ्यांत अंकुशकृमी, आणि पन्नाशीनंतर आतड्याचा कर्करोग, यांतले काहीही असू शकते.

जेवणात प्रथिनांचा हिशेब करा. वजनाच्या दर किलोला किमान 0.8 ग्रॅम, म्हणजे 70 किलोच्या माणसाला दिवसाला 56 ग्रॅमच्या वर. वाटीभर घट्ट वरणात 6-7 ग्रॅम, एका अंड्यात 6, मूठभर म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाण्यांत 7-8, कोरड्या 50 ग्रॅम सोयाबीन वड्यांत 25 ग्रॅम. मेसमध्ये पातळ आमटी, भात आणि दोन पोळ्यांवर राहणारा मुलगा यात हमखास मागे पडतो. पुण्या-मुंबईत शिकायला आलेल्यांचे केस पाणी बदलल्याने गळतात असे सगळे म्हणतात. जड पाण्याने केस राठ होतात, तुटतात, पण मुळापासून सुटत नाहीत. पाण्याआधी ताट आणि झोप पाहा. जेवताना चहा टाळा आणि भाकरी-पालेभाजीवर लिंबू पिळा, लोह जास्त अंगी लागते.

केस धुणे बंद करू नका. धुताना पडतो तो केस आधीच सुटलेला असतो, आठवडाभर न धुतल्यास तेवढे सगळे एका दिवशी पडतात आणि जास्त घाबरवतात. एक दिवसाआड सौम्य शाम्पू चालतो. कोंडा असेल तर 2 टक्के केटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस 3 ते 5 मिनिटे डोक्यावर ठेवून, चार आठवडे. खोबरेल तेलाने केस कमी तुटतात, नवे उगवत नाहीत. लावायचे तर लावा, पण खसाखसा चोळू नका. केस बारीक कापून घेतल्याने गळती थांबत नाही, पण विरळपणा कमी जाणवतो आणि मन शांत राहते. लग्नाचे पाहणे चालू असलेल्या मुलाला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

निव्वळ तापानंतरची गळती असेल तर मिनॉक्सिडिल या टाळूवर लावायच्या केसवाढीच्या औषधाची गरज सहसा पडत नाही. टकलाची सुरुवात असेल तर 5 टक्क्यांचे द्रावण 1 मिलिलिटर, दिवसातून दोनदा, कोरड्या टाळूवर लावायचे, केसांवर नव्हे. त्यानंतर चारेक तास डोके धुऊ नका. पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत गळती वाढते, कारण विश्रांतीतले केस लवकर ढकलले जातात. बरेच जण नेमके इथे औषध सोडतात. फरक 4 ते 6 महिन्यांनी दिसतो आणि बंद केल्यास मिळालेले केस काही महिन्यांत जातात. हृदयविकार असेल तर विचारल्याशिवाय सुरू करू नका. घरात मांजर असेल तर फार जपा: हे औषध तिच्या पोटात गेले तर थोडेसेही जीवघेणे ठरते, त्यामुळे उशीचा अभ्रा आणि हात दोन्ही तिच्यापासून दूर ठेवा.

टकलावरची फिनास्टराइड 1 मिलिग्रॅमची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्या. काहींची कामेच्छा कमी होते, काहींना उदास वाटते. तसे जाणवले तर लगेच सांगा. प्रोस्टेटसाठीची पीएसए तपासणी या गोळीमुळे निम्म्यावर येते, हे तपासणाऱ्याला माहीत हवे. गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर किमान महिनाभर रक्तदान करू नका, कारण ते रक्त गर्भवतीला गेले तर पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीला धोका असतो.

ताण संपल्यापासून सहा महिन्यांत गळती बहुधा आपोआप थांबते. केस महिन्याला एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे तीन-चार सेंटिमीटरची कटिंग ठेवणाऱ्याला गळती थांबल्यावर आणखी तीन-चार महिने धरावे लागतात. रोज केस मोजत बसण्यापेक्षा महिन्याच्या एक तारखेला, त्याच दिव्याखाली, कोरड्या केसांचे तीन फोटो काढा: कपाळ, भांग आणि शेंडी. सहा महिने उलटूनही गळती चालू असेल, किंवा शेंडीचा फोटो बाजूच्या फोटोंच्या मागे पडत असेल, तर हे फोटो, चालू औषधांची चिठ्ठी आणि तापाच्या तारखा घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. गळती चालू असताना केस प्रत्यारोपणाचा आगाऊ हप्ता कोणालाही भरू नका. कोणते केस स्वतःहून परतणार आहेत हे तेव्हा कळत नाही, आणि रोपलेल्यांच्या शेजारचे केसही शस्त्रक्रियेच्या धक्क्याने गळू शकतात.