दुय्यम कव्वाली (नागपूर)

भीमगीते आणि बुद्धगीते गाणाऱ्या दोन पार्ट्यांचा एकाच मंचावर रंगणारा सामना. विदर्भात तो गावोगावी होतो. नागपुरात इंदोरा, पाचपावली, इमामवाडा या वस्त्यांत आणि शेजारच्या कामठीत त्याला हक्काचा श्रोता आहे. १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, बुद्धपौर्णिमा, ७ फेब्रुवारीची रमाई जयंती आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन हे त्याचे ठरलेले दिवस. बैठक, शेर, कोरस आणि टाळ्या कव्वालीच्या. विषय मात्र बाबासाहेब, बुद्ध, रमाई आणि चळवळ.

जागा लहानच असते. बुद्धविहाराचे आवार किंवा वस्तीचा चौक, वर मंडप, खाली सतरंज्या. गायक आणि पहिल्या रांगेत चार हातांचेही अंतर नसते, त्यामुळे चुकलेला शब्द लपत नाही. साथीला पेटी, ढोलक, बेंजो आणि मागे कोरस धरणारे तीन-चार जण. एका बाजूला गायक आणि दुसऱ्या बाजूला गायिका अशी जोडी लावली, की गर्दी हमखास वाढते.

सुरुवात वंदनेने होते. मग गायक शेर टाकतो, धृपदाची ओळ दोन-तीनदा फिरवून कोरसच्या हाती देतो आणि कडव्याकडे वळतो. पहिल्या पार्टीने १९२७ चे महाड गायले, तर दुसरी १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह काढते. कधी समोरच्याच चालीवर उलटा सवाल टाकते. निकाल द्यायला परीक्षक नसतो. ओळ आवडली की कुणीतरी उठून पेटीवर नोट ठेवतो आणि निवेदक त्याचे नाव माईकवरून पुकारतो. ही पुकारणी कधीकधी गाण्याच्या मध्येच घुसते, ते रसिकांना खटकते. पण बिदागी तुटपुंजी असताना पार्टीचा बराच भार याच नोटांवर असतो. सन आणि प्रसंग यांची गल्लत मात्र खपत नाही. समोर बसलेल्या म्हाताऱ्यांना बाबासाहेबांचे चरित्र तोंडपाठ असते.

या प्रकाराचा कणा म्हणजे कवी-गायक. स्वतः लिहायचे, स्वतः चाल बसवायची आणि स्वतःच गायचे. अखेरच्या कडव्यात कवीचे नाव गुंफलेले असते. ही रीत महाराष्ट्रभर घरोघरी पोचवली ती नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडीच्या वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी. ‘वामन’ ही त्यांची सही गाणे न ओळखणाऱ्यालाही ठाऊक असते. नागपूरच्या कव्वालांत नागोराव पाटणकर यांचे नाव आदराने घेतले जाते. चाली पुष्कळदा सिनेमाच्या असतात आणि त्यावरून नाके मुरडणारेही आहेत. ते नाक मुरडणे फारसे रास्त नाही: चाल कानाच्या ओळखीची असली की सगळे लक्ष शब्दांवर राहते आणि इथे जिंकायचे असते ते शब्दांनीच. आवाज बेताचा, पण वही भरलेली, असा कवी गोड गळ्याच्या गायकाला सहज भारी पडतो.

मुळे सत्यशोधक जलशांत आणि १९३० च्या दशकात नाशिककडे भीमराव कर्डक यांनी उभ्या केलेल्या आंबेडकरी जलशांत सापडतात. नागपुरात त्याही आधी किसन फागू बनसोडे (१८७९–१९४६) कवितेतून आणि वृत्तपत्रातून दलित जागृती करत होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर धर्मांतर झाले आणि गाण्यांत बुद्ध, धम्म, बावीस प्रतिज्ञा आल्या. मुंबईचे लोकशाहीर विठ्ठल उमप यांचा शेवटही याच शहरातला: नोव्हेंबर २०१० मध्ये दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात ते मंचावर कोसळले.

रमाईचे गाणे लागले की सामना काही काळ थांबल्यासारखा होतो. शेणाच्या गोवऱ्या थापणारी, तुटपुंज्या पैशांत संसार रेटणारी, १९३५ मध्ये गेलेली रमाई. तिच्या गाण्यावर समोरची पार्टी प्रतिहल्ला करत नाही. करुणच गाणे काढते, नाहीतर विषय बदलते.

पूर्वी सामना उजाडेपर्यंत चाले. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगा बंद. वर्षातले मोजके दिवसच शासन बारापर्यंत सूट देऊ शकते. एवढ्या वेळात दोन्ही पार्ट्या बसवायच्या, म्हणून आयोजक गाणी मोजून देतात. पाहुण्यांची भाषणे लांबली, तर कात्री लागते ती दुसऱ्या पार्टीलाच.