बॅरोमीटरवाला तो पोरगा नील्स बोर नव्हता

‘बॅरोमीटरने इमारतीची उंची कशी मोजाल?’ (बॅरोमीटर म्हणजे हवेचा दाब मोजणारं पाऱ्याचं उपकरण.) विद्यार्थ्याचं उत्तर: त्याला दोरी बांधून गच्चीवरून खाली सोडा, मग दोरी मोजा. शेवटी तर ‘वॉचमनला बॅरोमीटर बक्षीस द्या, उंची तोच सांगेल!’ हा किस्सा व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षं फिरतोय आणि खाली ठरलेली ओळ: हा विद्यार्थी म्हणजे नोबेलविजेता नील्स बोर, कोपनहेगन विद्यापीठ.

नाही हो. किस्सा अमेरिकेतला आहे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले प्राध्यापक अलेक्झांडर कलँड्रा यांचा हा लेख 1968 साली ‘सॅटर्डे रिव्ह्यू’त आला होता. त्यात विद्यार्थ्याचं नावच नाही. उलट स्पुटनिकने, म्हणजे रशियाच्या पहिल्या कृत्रिम उपग्रहाने, धास्तावलेल्या अमेरिकी वर्गांचा उल्लेख आहे. स्पुटनिक उडाला 1957 मध्ये, तेव्हा बोर बहात्तरीला टेकलेले!

किशात बोर यांना ‘नोबेल मिळवणारा एकमेव डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ’ म्हणतात, तेही चूक. 1975 मध्ये त्यांच्याच मुलाला, ओगे बोरला मिळालं.

आणि खरं सांगू? पोराची दोरीच बरी. वर जाताना हवेचा दाब घटतो, त्यावरून उंची काढायची म्हटलं, तर साधारण 11 मीटर चढल्यावर पारा जेमतेम एक मिलिमीटर उतरतो. दहा मजल्यांना तीन मिलिमीटर. वाचा डोळे बारीक करून!