मातीच्या बैलाचा पाय का तुटतो?

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात खान्देशातील अनेक प्राथमिक शाळांत मुलांकडून मातीचे बैल करून घेतले जातात. बैल व्हरांड्यात वाळत ठेवले जातात आणि दोन दिवसांत त्यांतल्या पुष्कळांचे पाय किंवा शिंगे गळून पडतात. मग दोष मुलांच्या हातांवर ढकलला जातो, नाहीतर माती चांगली नव्हती असे म्हणून विषय मिटवला जातो. वास्तविक पाय तुटतो तो मातीतून पाणी ज्या रीतीने बाहेर पडते त्यामुळे, आणि एवढी गोष्ट शिक्षकाला नीट उमगली असेल, तर दुसरी-तिसरीतले मूलही चार पायांवर उभा राहणारा बैल करू शकते.

चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षा लहान आणि बहुधा पातळ पापुद्र्यासारखा चपटा असतो. असे दोन कण एकमेकांवर आले आणि त्यांच्यामध्ये पाण्याचा थर असला, की ते ओल्या काचेच्या दोन पट्ट्यांप्रमाणे एकमेकांवरून सहज सरकतात, पण सुटे मात्र होत नाहीत. दाबले की आकार बदलणे आणि हात काढल्यावर तो आकार टिकणे हे दोन्ही गुण मातीत येतात ते यामुळेच. वाळूचे कण जाड आणि ओबडधोबड असतात. त्यांनाही पाणी धरून ठेवते, पण वाळूचा गोळा वाकवायला गेले की तो फुटतो.

आपल्याकडची काळी माती ही या बाबतीत टोकाची माती आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला बेसॉल्ट खडक झिजून ती तयार झाली आणि तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर आहे. या खनिजाच्या कणांमध्ये, एवढेच नव्हे तर एकेका कणाच्या अंतर्गत थरांमध्येही पाणी शिरते, त्यामुळे ही माती भिजली की फुगते आणि वाळली की तितकीच आक्रसते. एप्रिल-मे महिन्यांत कपाशीच्या मोकळ्या शेतात पायाचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. नुसत्या काळ्या मातीचा बैल म्हणजे त्या शेताचीच लहान आवृत्ती होय. तो मळताना लोण्यासारखा मऊ लागतो आणि वाळताना हमखास तडकतो.

कुंभाराला हे कधीचेच ठाऊक आहे, म्हणून तो नुसती काळी माती चाकावर घेत नाही. तो नदीकाठचा किंवा तळ्यातला गाळ निवडतो आणि त्यात बारीक वाळू, राख किंवा चाळलेली लीद मिसळतो. वाळूचे कण पाण्याने फुगत नाहीत आणि आक्रसतही नाहीत, त्यामुळे एकूण आक्रसणे कमी होते, शिवाय आतल्या पाण्याला बाहेर येण्यासाठी वाटा मिळतात. लिदीतील काडीकचऱ्याचा आणखी एक उपयोग असतो, तो म्हणजे भेग पुढे सरकू न देण्याचा. मूर्तिकार मातीत कापूस पिंजून घालतात तो याच कारणाने, आणि खान्देशात शाळेसाठी मूठभर कापूस मिळवणे काही अवघड नाही. माती मात्र शेताच्या बांधावरून आणू नये, कारण तिथे फवारणीची औषधे आणि काचांचे तुकडे असण्याची शक्यता असते. तळ्याचा गाळ वाळवून, कुटून, चाळून घेतलेला उत्तम.

पहिला तास बैल करण्यात घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटलीत मूठभर माती आणि पाणी घालून ती जोरात हलवावी आणि खिडकीत ठेवावी. जाडसर वाळू मुलांच्या डोळ्यांदेखत, मिनिटभरातच तळाशी बसते. तिच्यावर पोयट्याचा, म्हणजे वाळूपेक्षा बारीक पण चिकणमातीपेक्षा जाड कणांचा, थर चढायला काही तास लागतात. २ मायक्रोमीटरचा (०.००२ मिलिमीटरचा) कण दहा सेंटिमीटर खाली उतरायला सुमारे आठ तास घेतो, त्यामुळे शाळा सुटताना पाणी अजून गढूळच असते, आणि काळ्या मातीतले सर्वांत बारीक कण तर दुसऱ्या दिवशीही तरंगत राहतात. दुसरी चाचणी हाताची आहे. तिंबलेल्या मातीची पेन्सिलीएवढी वळी करावी आणि ती बोटाभोवती गुंडाळावी. वळीच होत नसेल तर वाळू जास्त आहे. वळी होते पण वाकवताना बारीक चिरा पडतात, तर माती थोडी कोरडी आहे किंवा तिच्यात चिकणाई कमी आहे. आणि वळी सुरेख वाकते पण बोटांना चिकटून राहते, तर पाणी जास्त झाले आहे. मुले हे निदान लवकर शिकतात, आणि पुढे 'सर, माती बरोबर आहे का?' असे विचारायची त्यांना गरज उरत नाही.

आता बैलाचा पाय. मूल प्रथम पोटाचा गोळा करते, मग काडीसारखे चार पाय वळून ते खालून टेकवते. पाय बारीक असल्यामुळे ते काही तासांत वाळतात, आक्रसतात आणि कडक होतात. पोट जाड असते, त्याच्या गाभ्यातले पाणी पृष्ठभागापर्यंत यायला दिवस लागतात, म्हणून ते नंतर आक्रसू लागते. पण तोवर पाय वाकायला तयार नसतात. ताण येतो तो नेमका सांध्यावर, आणि तिथेच तडा जातो. यावर उपाय तीन आहेत. पाय काडीसारखे न करता आखूड आणि वर जाड असे निमुळते करावेत किंवा शक्य असल्यास पोटाच्याच मातीतून ओढून काढावेत. वेगळा भाग जोडायचाच असेल तर दोन्ही बाजूंना खराट्याच्या काडीने आडव्या-उभ्या रेघा ओढून, त्यावर त्याच मातीचा पातळ घोळ लावून, दाबून घ्यावे. नुसते पाणी लावलेला सांधा वरून जुळलेला दिसतो, पण आत कण एकमेकांत गुंतलेले नसतात. तिसरा उपाय वाळवण्याचा आहे. खान्देशात पावसाने दडी मारली की श्रावणातही कोरडा वारा सुटतो, आणि उन्हाळ्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा तर बाहेरचा थर बघता बघता वाळतो. म्हणून बैल सावलीत ठेवून त्यांवर ओलसर गोणपाट झाकावे, आणि पायांना व शिंगांना ओल्या फडक्याची जादा पट्टी गुंडाळावी.

याच वयातील मुलांच्या विचारांचा अभ्यास करताना स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मातीचा गोळाच वापरला होता. दोन सारखे गोळे दाखवून त्यांपैकी एक लांब वळला, तर लहान मुले लांब वळीत माती जास्त आहे असे सांगतात. साधारण सात-आठ वर्षांनंतर माती तेवढीच आहे हे त्यांना पटते, वजन तेवढेच आहे हे आणखी एक-दोन वर्षांनी, आणि आकारमानाचे त्याहून नंतर. बैल घडवणारे मूल हा प्रश्न हाताने सोडवत असते, कारण शिंगे लांब करायची तर माती डोक्यातूनच काढावी लागते. शिक्षकाने अशा वेळी पुढे होऊन बैल 'नीट' करून देणे म्हणजे मुलाचे गणित आपण सोडवून देणे होय. साच्यातला बैल तर त्याहून वाईट.

भाजण्याचा मोह शाळेने टाळावा. वाळलेल्या दिसणाऱ्या मातीतही पाणी असते, आणि वाफ झाल्यावर पाण्याचे आकारमान सुमारे १७०० पट होते. जाड बैल आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, फुटतो तो आतल्या हवेमुळे नव्हे, तर या वाफेमुळे. साधारण ५०० ते ६०० अंशांदरम्यान खनिजाच्या घडणीतलेच पाणी निघून जाते आणि त्यानंतर ती माती पुन्हा भिजून मऊ होत नाही. तापीकाठच्या प्रकाशे येथे १९५५ साली झालेल्या उत्खननात ताम्रपाषाण काळातील रंगीत खापरे हजारो वर्षांनंतर हाती लागली ती यामुळेच.

न भाजलेली माती मात्र पुन्हा वापरता येते, पण ती भिजवण्याची रीत उलटी वाटेल अशी आहे. मोडलेला ओलसर बैल पाण्यात टाकला तर तो तसाच पडून राहतो; पूर्ण वाळलेला टाकला तर त्याच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी झपाट्याने शिरते, आत कोंडलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते आणि बैल थोड्याच वेळात विरघळून चिखल होतो. म्हणून मोडके तुकडे आधी उन्हात कडकडीत वाळवावेत आणि मगच बादलीत टाकावेत.